माझी चतुर्थी मी तिला दिली

फोन आला तेव्हा मी धरमपेठेतल्या घरी मेथी निवडत होते. मनीषनगरहून माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बोलत होता, "ताई, सुजाता उठूनच नाही राहिली." मी त्यालाच झापलं, "नीट हलव ना तिले!" पाच आठवडे झाले, अजून वाटतं, कोणी तिला नीट हलवलंच नाही...

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वर्षानुवर्षांच्या उपासमारीनं. उपासमार? आमच्या घरात? महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळ्यांचा ढीग, आणि वाढायला सुजाताच. कोणाला हवीय पण लाजतंय, हे तिला नुसतं तोंड पाहून कळायचं. "काकू नाही म्हणून राहिल्या, पण पाहिजे त्याइले!" म्हणत ती वाढायची आणि काकू मुकाट्यानं खायच्या. स्वतः मात्र, "मी मांगून बसतो." ती मागून खरंच बसते का, हे पाहायला कोण जागचं हलतंय! आम्ही जेवून लोळत असायचो.

उपास तर इतके कडक, की आम्हाला कोण कौतुक. आईला झेपेनात तेव्हा तिचे सोमवार सुजातानं घेतले. मला शुगर निघाली, तशी मी माझी चतुर्थी तिच्यावर सोपवली. वर म्हटलं, "तुले काय, सवय आहे." अगं बाई, हे मी म्हटलं, माझ्याच तोंडानं!

गेल्या वर्षी ती एका समुपदेशक बाईंकडे दोन-तीनदा गेली. त्यानंतर एकदा म्हणाली, "ताई, तू माह्या ताटाकडं पाहते तेव्हा तुह्या मनात येते, केवढी खाते ही."

"अवं, मी पाहत होती, तुले भाजी काहून नाही वाढली कोणी!"

"राहू दे. मले कळते लोकाईच्या मनातलं."

कळायचंच. फक्त तिच्याबद्दलचं आमच्या मनातलं काही आलं, की ती हमखास चुकायची. तेव्हा तिला धरून बसवायला हवं होतं. मी चहा टाकायला उठले.

परवा सुजाताच्या घरी आई म्हणाली, "आता तिचे उपास कोण चालवन?" सुजाताची चौदा वर्षांची मुग्धा लगेच म्हणाली, "मी करतो, आजी."

"कोणी नाही करत!" मी एवढी ओरडले की आई दचकली. मुग्धाला शेजारी बसवलं. सुजाताचं, लग्नात आलेलं, नाव कोरलेलं ताट काढलं. इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही त्यावर. मी वाढलं आणि पाहत बसले.

"मावशी, काहून पाहून राहिली?"

"अजून एक पोळी पाहिजे काय तुले, एवढंच आहे मनात. दुसरं काहीच नाही वं, देवाशप्पथ!"

घास हातात धरून ती माझं तोंड निरखत राहिली... थेट तिच्या आईसारखी.