स्वस्तातले क्रेडिट

ओफेलिया बारागानच्या गॅरेजात एक मोठा फ्रीझर होता आणि तो कधी रिकामा नसे. नाताळच्या तमालेसाठी, म्हणजे मक्याच्या पानात उकडायच्या सारणाच्या उंड्यांसाठी, लागणारं डुकराचं मटण ती स्वस्त असेल तेव्हाच आणून भरून ठेवायची. नवरा रोहेलिओ म्हणायचा, "ओफे, जगबुडी आली तरी आपण जेवूनच बुडणार."

शिक्षणही तिने असंच साठवलं. दिवसा तुलारे गावातल्या फळांच्या पॅकिंग शेडमध्ये पीच निवडायचे, संध्याकाळी दोन वर्षांच्या, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात बसायचं. तिला शाळेत शिकवायचं होतं. त्यासाठी पुढे विद्यापीठाची पदवी हवी, आणि तिथली फी इथल्या कितीतरी पट. बरोबरच्या बायका दोन वर्षांचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे पदवीत धरले जाणारे गुण, जमवून तिकडे गेल्या. ही राहिली.

"इथे स्वस्तात मिळतंय, तर तिथे महाग कशाला घ्यायचं?"

मानसशास्त्र, मातीचं शास्त्र, कलेचा इतिहास. लागेल म्हणून घेतच गेली. नणंद मारिसेला चिडवायची, "वहिनी, कॉलेज नावावर करून घेतेस की काय?" कॉलेजच्या सल्लागाराकडे मात्र ती फिरकली नाही. अडचण नसताना मोठ्या माणसांचा वेळ खाऊ नये, अशी घरची शिकवण.

तिच्या हिशेबाने चार वर्षांच्या पदवीतलं विद्यापीठात एकच वर्ष उरलं होतं. तेवढं वर्ष ती शेड सोडणार, रोहेलिओ दोन पाळ्या करणार, असं ठरलं.

विद्यापीठाच्या कचेरीतली मिस वांग तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने सगळं नीट पाहिलं. "मार्क सुंदर आहेत, मॅडम. पण दोन वर्षांच्या कॉलेजातून येणाऱ्यांना आम्ही जास्तीत जास्त दोन वर्षांचेच क्रेडिट देतो."

"आणि त्यावरचे?"

"ते पदवीत धरत नाही."

"मग किती राहिलं?"

"दोन वर्षं. तासही दिवसाचे."

ओफेलियाने मान हलवली, आभार मानले आणि पार्किंगमध्ये येऊन गाडी सुरू न करता बसून राहिली. रोहेलिओच्या दुखऱ्या पाठीने एक वर्ष कसंबसं निभावलं असतं. दोन वर्षं मागायला तिची जीभ रेटणार नव्हती.

घरी नायेली, तिची मुलगी, ओट्याशी उभी राहून भात खात होती. तीही त्याच कॉलेजात होती आणि यंदा तिचे दोन वर्षांचे क्रेडिट पुरे होत होते.

"काय म्हणाले, आई?"

"तू विद्यापीठाचा अर्ज भर. आजच."

"यंदाची मुदत केव्हाच संपली. मी भरायला बसले होते तर तूच नको म्हणालीस ना? अजून एक वर्ष इथेच घे, स्वस्तात, असं." नायेली हसली. "घेतलेत चार विषय. मातीचं शास्त्रसुद्धा. तुझी पुस्तकं आहेतच घरात."

 दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधल्या मुकादमाने ओफेलियाला विचारलं, "काय बाई, कधी सोडताय?"

"नाही सोडत," ती म्हणाली आणि पट्ट्यावर आलेले पीच निवडू लागली.