सवलतीच्या फळीवरची ऑर्किडं

तिला सगळे काजवाली म्हणत. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात, मागच्या खिडकीशी तिचं यंत्र होतं. तिथे बसून तीस वर्षं तिनं कोटांची, शर्टांची, लहान मुलांच्या झबल्यांची काजं केली. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्या काजातून जाताना बटणालाही बरं वाटतं." ती हसायची नाही. चोपन्न वर्षांची, अंगानं काडी, बोलणं मोजून-मापून. पण शुक्रवार आला की दुपारपासून तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असायचं. सहाच्या ठोक्याला यंत्रावर झाकण पडायचं आणि बाई पायात चपला सरकवून बाहेर.

शुक्रवारी दुकानांत झाडांची गाडी यायची.

तिची तीन दुकानं ठरलेली होती. एक चौकातलं मोठं वाणसामानाचं, एक रंग, नळ आणि खिळे विकणारं, आणि एक पलंग-कपाटांचं. तिन्हीकडे दाराजवळ कुंड्यांची एक फळी असते. तिथे ऑर्किडं येतात ती ठोकच्या भावानं, आणि खोक्यावर 'ऑर्किड, मिश्र' एवढंच लिहिलेलं. विकणाऱ्याला पांढरं आणि गुलाबी यापलीकडे काही ठाऊक नसतं. पण रोपवाटिकेत खोकं भरायला कधी दोन रोपं कमी पडतात, मग हाताला लागेल ते कुणीतरी आत टाकतं. ज्याच्यासाठी शौकीन लोक वर्षं-वर्षं थांबतात असं एखादं रोप मग टोमॅटोंच्या शेजारी येऊन उभं राहतं. त्याची फुलं गळतात, अंगावर लाल पट्टी चिकटते, अर्धी किंमत होते. ओळखणारा डोळा हवा, बाकी काही नको.

हा डोळा तिला ताईनं दिला होता. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात ताईची नोकरी संपली, पण झाडांतलं तिला मास्तरांपेक्षा जास्त कळायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. "फूल काय, कुणीही बघतं," ती म्हणायची. "चिमे, पान बघ. पानाला खोटं बोलता येत नाही." आई गेल्यावर चिमीची वेणी ताईनंच घातली होती. त्यामुळे ताई बोलली की चिमीसाठी विषय संपायचा.

वीस वर्षं दोघी शुक्रवारी एकत्र हिंडल्या. ताई पुढे, चिमी पिशवी घेऊन मागे. चहा-बिस्किटाच्या पैशात त्यांनी अशी अशी रोपं घरी आणली की झाडांच्या प्रदर्शनातले जाणकार खोदून खोदून विचारत, कुठून मागवलंत? ताई गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "फिनेलच्या बाटल्यांच्या मागून."

मग ते झालं.

रंगाच्या दुकानात, सवलतीच्या फळीवर, मागच्या ओळीत चिमीला एक रोप दिसलं. पानं जाडसर, काठी आखूड, आणि टोकाला एकच फूल उरलेलं. मेणाचं असावं तसं हिरवट पिवळं, त्यावर तांबूस पट्टे. तिनं नाक जवळ नेलं. मोसंबीची साल सोलल्यासारखा वास आला. तिनं ते उचलून ताईपुढे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिला आधी दिसलं होतं.

ताईनं पान उलटं केलं, सुलटं केलं. "ठेव. साधं आहे. आणि रोग आहे त्याला, घरातल्यांना लागेल."

चिमीनं ठेवलं.

पुढच्या वर्षी प्रदर्शनात पहिल्या टेबलावर तेच रोप होतं. सात फुलं, गळ्यात बक्षिसाची फीत, आणि खाली चिठ्ठीवर ताईचं नाव. 'ठेव' म्हणाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ताई एकटी जाऊन ते घेऊन आली होती. चिमी त्या टेबलासमोर उभी राहिली, तेव्हा कुणीतरी भर सभेत तोंडात मारावी तसं तिला झालं. ती भांडली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, भांडायचं तरी कुणाशी? ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आजपासून ताईचा फोन आला तर मी घरात नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो म्हणाला, "अगं, एका झाडासाठी?"

"झाडासाठी नाही हो," ती म्हणाली. "तिनं मागितलं असतं तर मी दिलं असतं."

फोन दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही. ताईही ताईच होती.

सहा वर्षं गेली. एका गावात राहून दोघींची गाठ पडली नाही, पण चिमीला दर शुक्रवारी ताई भेटायची, फळीवर. ताई दुपारीच येऊन गेलेली असायची. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद कोटाच्या कॉलरसारखा दुहेरी दुमडून खाली केलेला, म्हणजे मुळांना वारा लागेल. पानांच्या मधल्या खळग्यातलं पाणी टिपलेलं, नाहीतर गाभा कुजतो. बुडाशी साचलेलं पाणी ओतून दिलेलं. विकत न घेतलेल्या झाडांचंही एवढं करणारी बाई गावात एकच होती. चांगली रोपं दोन आली असली, तर एक शिल्लक असायचं. चिमी मनात म्हणायची, उरलंसुरलं माझ्यासाठी. तरी ती ते घ्यायची. आणि त्या दुमडीवरून एकदा बोट फिरवायची. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची नाही. काय सांगणार, की कागदाला हात लावून आले?

हिवाळ्याच्या तोंडावर एका शुक्रवारी फळीवरचे सगळे कागद उभेच्या उभे होते.

तिला वाटलं, ताईला सर्दी-पडसं झालं असेल. पुढच्या शुक्रवारीही तसंच. वाणसामानाच्या दुकानात तीन कुंड्यांचे गाभे काळे पडले होते. आणि रंगाच्या दुकानात, नळांच्या शेजारी, एक रोप आलं होतं. ठिपक्या-ठिपक्यांची पानं, आणि एका काठीवर चपलेच्या पुढच्या भागासारखी पिशवी असलेलं गडद जांभळं फूल. लाल पट्टी लावलेलं. असलं रोप ताई सोडून जाईल? डोळे मिटून चालत असती तरी सोडलं नसतं. चिमीनं ते उचलून घेतलं, आणि परत जागेवर ठेवलं.

तिसऱ्या शुक्रवारीही ते तिथेच होतं. माती सुकलेली, कुणाचा हात न लागलेला. तिथून ती घरी गेलीच नाही, सरळ ताईच्या बिल्डिंगचा रस्ता धरला.

तिसऱ्या मजल्यावर ताईच्या दारावर नावाची पाटी नव्हती. पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं. चिमी भिंतीला धरून उभी राहिली. समोरचं दार उघडून शेजारीणबाई बाहेर आल्या. हातात लसूण, अर्धी सोललेली.

"त्या नाहीत इथे. कोण आपण?"

"बहीण." तिनं पाटीच्या जागेकडे बोट केलं. "ताई... आहे ना?"

"अहो, आहेत, आहेत! खाली बसा आधी." बाईंनी तिला आपल्याच पायपुसण्यावर बसवलं. "न्हाणीघरात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा आला आणि घेऊन गेला आपल्या गावाला. तीन आठवडे होत आले. घर भाड्यानं द्यायचं म्हणतात."

मुलाचं गाव म्हणजे बारा तासांची वाट.

"झाडं आम्हा सगळ्यांना वाटून गेल्या," बाई म्हणाल्या. "दोन-दोन वाट्याला आली. तुम्ही धाकट्या ना? मी त्यांना सांगायची, भर उन्हाच्या कशाला जाता दुकानांत, संध्याकाळी जात जा. तर म्हणायच्या, संध्याकाळी नाही जायचं. संध्याकाळी धाकटी येते."

चिमी खिळ्यांच्या भोकांकडेच बघत होती. शेवटी बाईंनीच ताईचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. तोच, थोडा पातळ झालेला.

"मी."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "शुक्रवार ना आज? काय आलंय?"

चिमीनं डोळे पुसले. "चपलेच्या फुलाचं आलंय. ठिपक्यांच्या पानांचं. रंगाच्या दुकानात."

"काळपट जांभळं? पानाची मागची बाजू कशी आहे?"

"बुडाशी जांभळी."

"अगं मग! घेतलंस?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, तू येशील."

शेजारीणबाई लसूण घेऊन हळूच आत गेल्या.

"चिमे," ताई म्हणाली, "त्या दिवशी मला पहिल्या नजरेत कळलं होतं, ते काय आहे."

"माहीत आहे मला."

"तुला माझ्या आधी दिसलं. ते मला..." ताई थांबली. "मेलं ते. बक्षिसानंतरच्या उन्हाळ्यात. मुळं कुजली. रोज काहीतरी करत बसायची मी त्याला. कुणाला सांगितलं नाही."

"मला सांगायचं होतंस."

"कोणत्या तोंडानं?"

बाईंच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ताई एकदम म्हणाली, "फोन ठेव. दुकान बंद होईल. जा, घे ते आधी!"

चिमी जिना उतरली. प्रत्येक मजल्यावर दारांशी ताईची झाडं होती, आणि लोकांनी प्रेमानं त्यांना पाणी पाजून पाजून बेजार केलं होतं. बशा ओतत ओतत ती खाली आली, त्यात पाऊण तास गेला. रंगाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. ती वाकून आत शिरली. दुकानदार ओरडला, "बाई, उद्या या!" ती म्हणाली, "उद्यावर नाही ठेवायचं आता," आणि कुंडी छातीशी धरून बाहेर आली.

पुढच्या महिन्यात मालकाकडून चार दिवसांची रजा काढून ती ताईकडे गेली. चालायला आणलेल्या चार चाकांच्या घोडीला धरून ताई दारापर्यंत आली होती. एवढीशी झाली होती. दोघींनी एकमेकींना धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. मुलगा मागून म्हणत होता, "आई, पडशील."

दुसऱ्या दिवशी दोघी त्या गावातल्या एकुलत्या एक मोठ्या दुकानात गेल्या. दाराजवळ फळी होती, फळीवर ऑर्किडं होती, सगळी प्लॅस्टिकची. ताईनं सवयीनं एक पान उलटं करून पाहिलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की तिला खुर्ची आणून द्यावी लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते नंतर थांबेना. चिमी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. दुकानातली मुलगी विचारून गेली, काही हवंय का. दोघींनी मान हलवली.

निघायच्या दिवशी ताई म्हणाली, "अजून दोन दिवस राहा."

"कोटांचा हंगाम आहे, ताई. मालक सोडणार नाही. उन्हाळ्यात येते, चांगली पंधरा दिवस."

"उन्हाळ्याला अजून पाच महिने आहेत."

"हो."

गाडीत बसल्यावर चिमीनं खिडकीतून पाहिलं. एवढ्या लांबून ताईला ती दिसणं शक्य नव्हतं. तरी ताई गॅलरीत, घोडीवरचा एक हात सोडून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. गाडी वळणावर गेली तरी चिमी मान वळवून बसली होती. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "काही विसरलात का?"

"नाही," ती म्हणाली. "बहीण राहिली."