मांडवीच्या भट्टीतला पिझ्झा

शिंप्याच्या दुकानात चिंध्या आणि किस्से, दोन्ही आपोआप साठतात. चिंध्यांची निदान गोधडी होते. किस्से सांगूनच टाकावे लागतात, नाहीतर पोट फुगतं!

माझं शिलाईचं दुकान रत्नागिरीत, मांडवीला, इब्राहिमभाईच्या बेकरीसमोर. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. दुपारी चारला पावांची दुसरी भट्टी निघाली की आम्ही चौघं बेकरीच्या बाकावर हजर. इब्राहिमभाई, मी, हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले लेले मास्तर आणि कासिमचाचा.

कासिमचाचा तीस वर्षं बोटीवर खानसामा होता. सगळं जग बघून आला, पण जीव अडकला तो इटलीच्या नापोली बंदरात. पिझ्झ्यात! गावात लोक म्हणायचे, म्हातारा थापा मारतो. ते त्याला फार लागायचं.

"डोळे मिटायच्या आत मांडवीला एकदा पिझ्झा खिलवणार," चाचा म्हणायचा. "मग म्हणा थापाड्या!"

*

पहिल्यांदा त्याने वर्णन केलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे जाड घावनच की, वर टोमॅटो लावलेलं!"

चाचा ताडकन उठला. "घावन? अरे, घावन तव्यावर निजतं. पिझ्झा भट्टीत उभा पेटतो! कडा फुगतात, मधे चीज उकळतं, आणि घास तोडलास की तार निघते, ही एवढी!" त्याने दोन्ही हात इतके लांबवले की इब्राहिमभाईची बरणी खाली आली.

मास्तर मात्र डोळे मिटून विचार करत होते. "पिझ्झा... पिष्ट. पिष्टक! शब्द आपलाच आहे. बोटीवर चढला आणि बिघडून आला!"

*

मग मुंबईहून चाचाच्या जावयाने चीजचा डबा पाठवला. बोटीने आला. आम्ही चौघांनी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन तो असा उतरवून घेतला, जसा काही पाहुणाच!

बेकरीत डबा फोडला. पिवळी धमक वडी. इब्राहिमभाईने सुरीने चार तुकडे केले. मला तर आवडलं. खारट, गुळगुळीत, मजेदार!

चाचाने एकच तुकडा चावला आणि उरलेला हळूच परत ठेवला.

"काय झालं, चाचा?"

"चीज चावलं की म्हैस आठवली पाहिजे," तो म्हणाला. "हे चावलं की डबा आठवतो!"

*

तर आता चीज घरी बनवायचं ठरलं. नापोलीला म्हणे म्हशीच्याच दुधाचं करतात. चाचाने रतिबाच्या गवळ्याला गाठलं. म्हैस काय खाते? वय काय? वेत कितवं? स्वभाव कसा? पाणी कुठलं पिते? रोज नवा प्रश्न!

आठवडाभर गवळ्याने उत्तरं दिली. आठव्या दिवशी त्याने दुधाची किटली खाली ठेवली आणि हात जोडले.

"चाचा, खरं काय ते सांगून टाका. तुमचा पोरगा दाखवायचा हाय का माझ्या म्हशीला?"

*

पहिल्या दोन खेपांना दूध नुसतं फाटलं. तिसऱ्या खेपेला मात्र चाचाने गोळा गरम पाण्यात बुडवला, ओढला, आणि अहो, तो ताणला गेला! पांढराशुभ्र, चकचकीत! आम्ही तिघं लहान पोरांसारखे ओरडलो!

मास्तरांनी हात पुढे केला. चाचाने तो धरला. चाचा भला माणूस.

"मास्तर, खाण्याआधी सांगतो. दूध जमवायला करडाच्या पोटातलं..."

"कासिम," मास्तर म्हणाले, "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही."

"मी तुमच्या डावीकडे बसलोय."

"आजपासून तोही गेला," मास्तर म्हणाले, आणि गोळ्याला मीठ लावून खाल्लं!

*

पण पिझ्झ्यावरून दोस्ती तुटायचीच बाकी होती. पहिला पिझ्झा भट्टीत जायला तयार झाला. चाचा हात धुवायला मागे गेला होता, तेवढ्यात इब्राहिमभाईने प्रेमाने त्यावर मूठभर सुकट भुरभुरली. बाहेर काढल्यावर चाचाने ते लाल-गुलाबी दाणे बघितले.

"सुकट? माझ्या पिझ्झ्यावर सुकट?"

"अरे, चव येते!"

"भट्टी तुझी, पिझ्झा माझा!" चाचाने पिझ्झा उचलला आणि चपला न घालताच चालता झाला. आठ दिवस बेकरीकडे फिरकला नाही. इब्राहिमभाई बाकाकडे बघायचा आणि पाव करपवायचा. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. पावांपेक्षा मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

नवव्या दिवशी चारला चाचा हजर! बाकावर बसला. खाली बघत पुटपुटला, "घरी नेऊन सगळा खाल्ला मी. वाईट नव्हता."

इब्राहिमभाईने त्याच्या चपला आतून आणून पायाशी ठेवल्या. तेल लावून पुसलेल्या!

*

आणि मग तो दिवस. टोमॅटो पिकलेले, चीज ताजं, वर सब्ज्याची हिरवी पानं. चाचा म्हणाला, "आज जमणार. आज तिलाही आणतो."

ती म्हणजे अमीनाचाची. चाचा बोटीवर असताना तीस वर्षं एकटीने घर ओढलेली, कमी बोलणारी बाई. ती आली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. इब्राहिमभाईने फळीवरून पिझ्झा आत सारला, आणि थोड्या वेळाने बाहेर काढला. अहाहा! कडा फुगलेल्या, मधे चीज उकळतंय, वासाने रस्त्यावरची माणसं थांबली! मी तर ताटली घेऊन तयारच होतो.

"ही बघ, अमीना!" चाचाने फळी तिच्यापुढे धरली. "ही माझी मार्गारीटा!"

चाचीचा चेहरा एकदम बदलला. "काय म्हणालात?"

"मार्गारीटा. या पिझ्झ्याचं नाव."

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुमचं पत्र आलं होतं," चाची सावकाश म्हणाली. "याच मास्तरांनी वाचून दाखवलं. 'नापोलीला मार्गारीटा भेटली. जीव थंड झाला. आता दर खेपेला तिच्याकडे जाणार.'"

मास्तर छताकडे बघायला लागले.

"मग? भेटलीच होती!" चाचा म्हणाला. आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अमीना... तू इतकी वर्षं... विचारलं का नाहीस?"

चाचीने पदराने डोळे पुसले. उठली, माझ्या हातातली ताटली काढून घेतली, अख्खा पिझ्झा तिच्यात ओढला आणि पुन्हा पोत्यावर बसली. पहिला घास तोडला. तार निघाली, ही एवढी! इब्राहिमभाईने हळूच हात पुढे केला.

"खबरदार," चाची म्हणाली. "हिला मी एकटी खाणार!"