भोंगा वाजण्याआधी

ढगुली आमच्या दवाखान्यात आली ती चार-सहा महिन्यांपुरती, आणि मग कित्येक वर्षं राहिली. दवाखाना दातांचा. पुढच्या खोलीत तिचं टेबल, मधल्या खोलीत डॉक्टरीणबाईंची खुर्ची आणि सगळ्यात मागे, सिंकशेजारच्या अरुंद खोलीत, मी. मी कवळ्या बनवतो. माझ्या फळीवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीने मांडलेले असतात. नवीन माणूस दारातच थबकतो. ढगुली पहिल्या दिवशी आत आली, एकेका जबड्यापुढे वाकून बघत गेली आणि म्हणाली, "काका, हे सगळे एकदम बोलायला लागले तर?" तेव्हाच मला कळलं की ही काही साधी रिसेप्शनिस्ट नव्हे.

नाव तिच्या वडिलांनी पाडलेलं. लहानपणी घास हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची, आई ओरडली की तोंडात टाकायची आणि चावायचं विसरायची. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई घरी पडदे शिवायची. पडद्यांच्या कापडांनी भरलेल्या खोलीत, रंगीत उजेडात ही मुलगी वाढली. इतिहासात एम.ए. केलं, ते दवाखान्यात काम करता करता. आता पुढे पीएचडी करायची होती. विषय काय, तर झोप.

हे सुचलं आमच्या पुढच्या खोलीतच. दुपारी नंबर लावून बसलेली म्हातारी माणसं खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जायची. ढगुली त्यांना उठवत नसे. त्यांचा नंबर आला की खुशाल पुढच्याला आत पाठवायची. वर त्यांच्याकडे अशी बघत बसायची, जशी दुसरी माणसं समुद्राकडे बघतात. एकदा जेवताना तिने मला विचारलं, पूर्वी माणसं कधी झोपायची? मी म्हटलं, रात्री. ती म्हणाली, तसं नव्हे. मग तिने समजावलं. आमच्या गावात कागदाचा कारखाना यायच्या आधी प्रत्येक घराची झोप वेगळी होती. कोणी अंधार पडताच आडवं व्हायचं, कोणी मध्येच उठून गप्पा मारून पुन्हा झोपायचं, दुपारी तर गल्लीच्या गल्ली पेंगायची. मग कारखाना आला, त्याचा भोंगा आला, आणि सगळं गाव एका आवाजाने एकदम उठायला लागलं. हे कसं घडलं, माणसांनी ते कसं सोसलं, हे तिला लिहायचं होतं. कारखाना बंद पडूनही आता जमाना झाला. तिथे गोदामं आहेत. पण भोंगा ऐकलेली माणसं होती, आणि त्यांतली बरीचशी आमच्याकडे कवळीसाठी येत होती.

घरी तिने विषय सांगितला तेव्हा वडील म्हणाले, "झोपेवर डॉक्टरेट मिळते? मग मला घरपोच द्यायला सांग." आणि खरंच, ते कामावरून आले की एक बूट काढायचे आणि दुसरा काढता काढता झोपायचे. आईने तोंडातल्या टाचण्या काढून एवढंच म्हटलं की आधी सकाळी वेळेवर उठायला शीक. पण बोलली ती तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून मशीन सकाळी उशिरा सुरू व्हायला लागलं, कारण ढगुली पहाटे अर्जाचं लिहीत बसायची आणि मशीनचा आवाज तिला नको असायचा.

पाच विद्यापीठांत अर्ज गेले. सगळी लांबची. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

त्या हिवाळ्यात ढगुली आमच्यात होती आणि नव्हतीही. दाढेच्या पेशंटला तिने कवळीची तारीख दिली, कवळीवाल्याला लहान मुलांच्या दातांची. फोन तिने मुद्दाम कापसाच्या बोळ्यांच्या खणात ठेवला होता, म्हणजे सारखा बघायला नको. आता दर थोड्या वेळाने तिला कापूस लागायचा. डॉक्टरीणबाई वैतागायच्या, पण तिच्यावर आवाज चढवत नव्हत्या. एकदा मला हळूच म्हणाल्या की हिचा निकाल लवकर लागू दे, नाहीतर माझा दवाखाना सगळा कापसात जाईल.

डबा खायला ती माझ्या खोलीत यायची. खिडकीतून ऊन तिरपं यायचं, प्लास्टरची भुकटी त्यात हळूहळू तरंगायची, आणि ती मला ती पाच शहरं सांगायची. एकही तिने पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या नकाशावर रस्त्यारस्त्यांतून फिरून आली होती तेवढंच. एका शहरात नदी होती आणि नदीकाठी ग्रंथालय. एक शहर कायम धुक्यात, तिथे इतिहासाचा विभाग एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. एका शहरात चढ इतके की फोटोतली माणसंसुद्धा दमलेली दिसत होती. आपली खोली कुठल्या गल्लीत असेल, पावाचं दुकान कुठे, कपडे वाळत कुठे घालायचे, सगळं तिने ठरवून टाकलं होतं. पुढे पुढे मीच विचारायचो, आज कुठे मुक्काम? ती घास हातात धरून म्हणायची, "आज नदीवर." मलाही ती शहरं दिसायला लागली होती. कवळी घासता घासता मी धुक्यातल्या पायऱ्या चढून यायचो.

जगभरचे असेच अर्ज केलेले लोक एका साइटवर लिहायचे, कोणाला कुठून काय उत्तर आलं ते. ढगुली ते वाचायची आणि कोमेजायची. आज अमक्या विद्यापीठाने दोघांना बोलावलं. मला नाही. मी म्हणायचो, अगं, तुझं अजून बघितलं नसेल. ती म्हणायची, बघितलं असेल आणि झोपी गेले असतील.

पहिला नकार आला तेव्हा तिच्यासमोर गाल सुजलेला एक माणूस उभा होता. तिने त्याला नीट वेळ लिहून दिली, गरम काही खाऊ नका म्हणून सांगितलं. मग मागे येऊन माझ्या फळीपुढे उभी राहिली. "नदी गेली," म्हणाली. पुढच्याच आठवड्यात चढावाचं शहरही गेलं. नकार किती सभ्य भाषेत असतात हे मला तेव्हा कळलं. अर्जदार फार होते, सगळेच उत्तम होते, दिलगीर आहोत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात काढताना मीसुद्धा इतकं गोड बोलत नाही.

धुक्याच्या विद्यापीठाने मात्र मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओवर. घरी मशीनचा आवाज, दवाखान्यात ड्रिलचा. शेवटी माझी खोली ठरली. मी बाहेर स्टुलावर बसून राखण केली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिथल्या प्राध्यापकबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं, मागच्या जबड्यांबद्दल विचारून हसल्याही होत्या. मग एकच प्रश्न विचारला: भोंग्याने गाव उठलं, ठीक आहे. पण भोंगा वाजवणाऱ्याला कोण उठवत होतं?

"मला सुचलंच नव्हतं हो, काका," ती म्हणाली. "मी म्हटलं, शोधेन. त्या म्हणाल्या, शोधा."

काही दिवसांनी तिथून उत्तर आलं, प्रतीक्षायादीत नाव आहे. नकार नाही, होकार नाही. मी म्हणेन, हे सगळ्यात वाईट. आता ढगुली कायमची धुक्यात राहायला गेली. जेवताना ती पायऱ्या चढायची आणि दार बंद दिसायचं.

अशात एके दिवशी एक आजी आल्या. खालची कवळी सैल झाली होती. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या होत्या म्हणून मीच बघायला घेतली. आजी बोळक्या तोंडाने बडबडत होत्या, मी हं हं करत होतो. बोलता बोलता म्हणाल्या की त्यांचे मालक कागद कारखान्यात बॉयलरवर होते. मी हातातलं काम ठेवलं आणि ढगुलीला हाक मारली. ती फोन हातात घेऊनच आली.

मी कवळी परत दिली, आजींनी ती बसवली, आणि तिने विचारलं. भोंगा कोण वाजवायचं?

"हेच वाजवायचे," आजी म्हणाल्या. "पण उठायची मी. यांची झोप म्हणजे ढोल वाजले तरी हलणार नाहीत. मी गार पाण्याने हात ओले करायची आणि यांच्या तळपायांना लावायची. शिव्या देत उठायचे, तसेच धावत जायचे."

"आणि तुम्हाला कोण उठवायचं?"

"मला कोण उठवणार? मी नीट झोपलेच नाही कधी. माझा डोळा लागला तर अख्खं गाव झोपून राहील, ही भीती. सासूबाई म्हणायच्या, सून फार शहाणी, पहाटे उठते. आता त्यांना काय सांगू."

ढगुली स्टुलावर टेकली. मग आजींनी स्वतःहून सांगितलं की एकदा डोळा लागला होता. थोरली मुलगी झाली त्या रात्री. बाळंतपण घरीच, सगळे जागून थकलेले. आई झोपली, बाळ झोपलं, बाप तर झोपलेलाच. जाग आली ती उजेडाने. आजी तशाच दारापाशी आल्या. रस्ता रिकामा. एकाही घरातून धूर नाही, बादलीचा आवाज नाही. कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय ताणून पडलेली. ऊन भिंतींवरून खाली उतरत होतं आणि गाव झोपलं होतं. सगळं गाव. हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण मारवेना.

"इतकं छान दिसत होतं," आजी म्हणाल्या. "मी दारात बसले. बसूनच राहिले थोडा वेळ. कोणाला सांगितलं नाही कधी."

कारखान्यात साहेबाने आजींच्या मालकांना फैलावर घेतलं, नोकरी जाता जाता वाचली. पण गावातल्या बायका कितीतरी दिवस आजींना अडवून हसत विचारायच्या, दुसरं कधी?

हे चाललेलं असताना ढगुलीच्या हातातला फोन दोनदा थरथरला. मी पाहिलं. तिने पाहिलं नाही. ती आजींकडे बघत होती, आणि मनाने त्या झोपलेल्या गावात, उन्हात, आजींशेजारी बसलेली होती.

ती मेल तिसऱ्या नकाराची होती. चौथाही आला. धुक्यातल्या प्राध्यापकबाईंना आजींबद्दल लिही असं मी सुचवलं, पण तिला ते जागा मागितल्यासारखं वाटलं. शेवटची तारीख उलटली आणि त्यांनीही कळवलं की यंदा जागा झाली नाही. त्या दुपारी ती घरी गेली नाही, वडील जिथे काम करत होते त्या इमारतीत गेली. वडील लिफ्टच्या टपावर बसून तारेला तेल देत होते. हे तिने मला नंतर सांगितलं. वडिलांनी काहीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून लिफ्टचं उदाहरण द्यायला सुरुवात केली, आणि मध्येच त्यांना ते जुळेना. मग म्हणाले, "आता काय करणार?"

"परत अर्ज करीन."

"मग कर," ते म्हणाले आणि तिला टॉर्च धरायला लावला.

पुढचं वर्ष तिने आजींच्या घरी काढलं असं म्हटलं तरी चालेल. सुट्टी आली की तिकडेच. आजींनी तिला दुसऱ्या बायकांकडे नेलं. पाळीवर जाणाऱ्यांच्या बायका, आया, थोरल्या बहिणी. प्रत्येक घरात भोंग्याच्या आधी एक बाई जागी होती. कोणी कोंबड्यावर भरवसा ठेवला होता, कोणी मुद्दाम भरपूर पाणी पिऊन झोपायची. एकीने सांगितलं की पहाटेची ती वेळ तेवढीच तिची स्वतःची होती. नुसती बसायची अंधारात, काही न करता, आणि भोंगा वाजूच नये असं वाटायचं. एकदा मीही सोबत गेलो. पाचसहा म्हाताऱ्या ढगुलीभोवती बसून झोपेबद्दल अशा बोलत होत्या, जसं कोणी माहेराबद्दल बोलतं. त्यांतल्या चौघींच्या कवळ्या माझ्या होत्या. मला उगीचच अभिमान वाटला.

दुसऱ्या वर्षी तिने दोनच अर्ज केले. त्या वेळी ती शांत होती असं सांगायला मला आवडलं असतं. ती जास्तच बेचैन होती. पेनांची टोपणं चावून चावून तिने सपाट केली, आणि डॉक्टरीणबाईंनी दातांच्या दवाखान्यात हे शोभत नाही म्हणून तिला बडीशेपेची डबी आणून दिली. शहरं सांगणं मात्र तिने बंद केलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, पाहायला मिळालं तर पाहूच की.

उत्तर आलं ते भर दुपारी. पुढच्या खोलीत तिघं-चौघं पेंगत होते. ती पावलं न वाजवता मागे आली, दार लोटलं आणि फोन माझ्यापुढे धरला. माझा चष्मा सापडेना. मी म्हटलं, तूच वाच. ती कुजबुजत वाचायला लागली, दुसऱ्या ओळीला तिने फोन माझ्या फळीवर ठेवला. प्रवेश मिळाला होता, त्याच प्राध्यापकबाईंकडे. तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि हसत राहिली, आवाज न करता, कारण बाहेर माणसं झोपली होती. माझे हात प्लास्टरने माखलेले. मी तसाच तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या केसांतली भुकटी पाहिली आणि न सांगता ओळखलं.

ती गेली. तिथे धुकं वर्षातून थोडेच दिवस असतं म्हणे, नकाशावाल्यांनी नेमके तेव्हाच फोटो काढले होते. पहिलं वर्ष तिला जड गेलं. बाकीची मुलं भराभर बोलतात, मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, असं फोनवर सांगायची. आता ती स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पेपर तपासायचा तिला मनापासून कंटाळा आहे. तिच्या जागी आमच्याकडे आलेली मुलगी चटपटीत आहे, तारखा कधी चुकत नाहीत, आणि डॉक्टरीणबाई तिच्यावर खूश आहेत.

हल्ली ढगुली कुठल्याशा दुसऱ्याच गावी असते. तिथल्या गिरण्यांचे जुने कागद वाचते, संध्याकाळी म्हाताऱ्या बायकांना गाठते. मागच्या आठवड्यात फोन आला होता. प्रबंध पुढच्या वर्षी पुरा होईल म्हणाली. गेल्या वर्षीही हेच म्हणाली होती. मी म्हटलं, होऊ दे सावकाश. मग तिने मला एका आजीबाईंबद्दल सांगायला घेतलं, आणि इकडे माझं प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं.