बोट काही वर येईना

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या तीन मराठी माणसांनी मिळून जुनी बोट घेतली, की गळाला मासे कमी आणि किस्सेच जास्त लागणार! आमचं तेच झालं.

मी आणि निखिल आयटीवाले. डॉक्टर आपटे हॉस्पिटलमधून नुकतेच रिटायर झालेले. त्यांना घरात बसवेना, म्हणून साउथ कोस्टवर बास मासे धरायचं खूळ त्यांनीच काढलं. बोट बुटकी आणि वेगवान. म्हणजे, विकणारा तसं म्हणाला होता.

अशी बोट थ्रॉटल दिला की आधी नाक वर करते, मग आडवी होऊन पाण्यावरून घसरत सुटते. याला म्हणतात 'प्लेनवर येणं'. आमची नाक वर करायची आणि तशीच राहायची!

पहिल्या दिवशी निखिलने फुल थ्रॉटल दिला. समोर नुसतं आकाश! मागून डॉक्टर ओरडले, "निखिल, मासे खाली असतात रे!"

शेजारच्या बोटीतला म्हातारा गोरा म्हणाला, "पोरांनो, बोट चालवताय की नांगर?" मग त्यानेच शिकवलं. निघताना मागे टांगलेलं इंजिन आत, बोटीकडे झुकवायचं आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर काढायचं. फरक पडला. आकाशाखाली थोडं पाणी दिसू लागलं.

*

निखिलला चैन पडेना. ऑफिसच्या ट्रेनमधूनही मला फोनवर तेच. "हे बघ, सगळं वजन मागे आहे. बॅटरी पुढे घे, बर्फाची पेटी पुढे घे. आणि आपट्यांना तर अगदी टोकाला बसवू!"

त्याच्या समोरच्या सीटवरच्या बाई मराठी निघाल्या. मला फोनवर ऐकू येईल अशा ताडकन म्हणाल्या, "अहो, म्हातारा माणूस आहे ना तो?"

शेवटी टोकाला मी बसलो. बायको म्हणाली, "चला, तुमच्या वजनाचा कुणाला तरी उपयोग झाला!"

*

मग इंजिनचा पाण्यातला पंखा बदलला. कमी पिचचा, म्हणजे चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये घालतो तसं. बोट अशी उसळली, की मी ओतत असलेला चहा थेट निखिलच्या मांडीवर! तो किंचाळला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी रिटायर झालोय."

*

तरीही बोट जडच. निखिलने ती ट्रेलरवर चढवून मागचा ड्रेन प्लग, म्हणजे तळाच्या भोकाचं बूच, काढला, तर फ्लोअरखालून पाणी येतच राहिलं! इतके दिवस आम्ही समुद्रच वाहून नेत होतो. "आता बघाच!" म्हणत निखिलने बोट पाण्यात सोडली.

बरंच आत जाऊन आम्ही गळ टाकले. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "माझे मोजे ओले का झाले?"

निखिल पांढराफटक पडला. प्लग गाडीतच राहिला होता.

मी रुमालाचा बोळा कोंबला. पाण्याने तो परत माझ्याच हातात दिला. पाणी घोट्याच्या वर आलं. लाइफ जॅकेट होती, पण घाईत मला बक्कल सापडेना.

"पळवत ठेवली तर पाणी त्याच भोकातून मागे निघून जाईल," निखिल म्हणाला. "पण त्यासाठी प्लेनवर यायला हवी. सगळे पुढे!"

मी आणि डॉक्टर रांगत टोकाला गेलो. इंजिन गुरगुरलं. नाक वर गेलं, तिथेच थांबलं. "ये गं बाई, ये," डॉक्टर बोटीला थोपटत होते. आणि एकदम नाक खाली आलं! बोट आडवी झाली आणि सुटली. मागून पाण्याची धार उडत होती. मी डॉक्टरांचा हात घट्ट धरला होता.

थांबलो तर बुडणार, म्हणून थांबायचं ते जमिनीवरच! एक रिकामा दगडगोट्यांचा किनारा बघून निखिलने इंजिन बंद करून वर उचललं आणि बोट खरखरत वर चढवली. वरच्या वाटेवरून कुत्रा फिरवणारं एक जोडपं आ वासून बघत होतं.

निखिल दगडांवर बसला आणि रडायलाच लागला. डॉक्टरांनी मोजे काढून पिळले, त्या जोडप्याला हात केला आणि निखिलच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, रडतोस काय? आली की नाही बोट प्लेनवर? पुढच्या रविवारीही प्लग गाडीतच ठेवू!"