प्रवरेकाठी सापडलेली दाढ

मंडळी, सकाळी मी इथं एका विचित्र दगडाचा फोटो टाकला होता. त्यावर धावून आलेल्या सगळ्यांचे आधी मनापासून आभार.

आज सासूबाई आणि मी प्रवरेवर गोधड्या धुवायला गेलो होतो. काठावरच्या गोट्यांत त्यांना तो दिसला. विटेएवढा, चांगलाच जड, आणि वर टाकी लावलेल्या पाट्यासारख्या रेघा. घरी आणून फोटो टाकला. "घासून स्वच्छ करते, मग परत दाखवते," असंही खाली लिहिलं.

तारेची घासणी हातात घेतली आणि ग्रुपमधल्या एका सरांचा फोन आला. ते नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. "ताई, हात लावू नका. मी निघालोच!"

दुपारी सर आले. त्यांनी दगड हातात घेतला, रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ही हत्तीची दाढ आहे. हजारो वर्षांत दगड झालेली."

सासूबाई चकित. "आपल्या नदीवर हत्ती हुते?"

"होते की, आजी. इथंच पाणी प्यायचे."

दाढ संग्रहालयात द्यायचं ठरलं. सासूबाईंनी ती स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, तान्ह्या बाळासारखी सरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाकीचा हत्ती बी नदीवरच आसंल का वो?"

उद्या आम्ही तिघंही नदीवर जाणार आहोत. सर, तुम्ही वेळेवर फोन केलात, फार उपकार झाले.

मंडळी, तुमच्या नदीकाठी कधी असं काही सापडलंय का?