घागर छाप कोंडाबाई

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून कढई उतरवली. एका कडीला मी, दुसऱ्या कडीला ती. रोजचंच काम. रटरटलेला साबण लाकडी साच्यात ओतला, वरून गोणपाट टाकलं. ओतायच्या आधी कोंडाबाईनं नेहमीसारखी करंगळी साबणात बुडवली, फुंकर घातली आणि जिभेच्या शेंड्याला लावली. डोळे मिटून जरा उभी राहिली. मग थुंकून म्हणाली, "जमलाय. झोंबत न्हाई."

साबण चाखणारी बाई तुम्ही कधी बघितली नसेल. मी संसारभर बघितली. साबणात कास्टिक जादा राहिलं तर जिभेला चटका बसतो, अंगाला लावला तर कातडं सोलतं. म्हणून प्रत्येक घाण्याला ती जीभ लावायची. मी एकदा म्हणालो, मी चाखतो, तर म्हणाली, "तुमची जीभ तंबाखूनं मेली हाय. तिला इख बी गोड लागंल."

कोनाड्यात दोन ठसे शेजारी शेजारी पडले होते. एक आमचा जुना, घागरीचा. दुसरा पुण्याहून आलेला, नवा कोरा, गुलाबाचा. सकाळी वड्या पाडायच्या आणि त्यांवर ठसा मारायचा. मी विचारलं, "कोणता मारायचा?"

तिनं दोन्ही ठशांकडं बघितलं. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. दारापर्यंत गेली, परत आली. म्हणाली, "सकाळी सांगते."

कोंडाबाई कधी 'सकाळी सांगते' म्हणणारी नव्हती. तिला जे सांगायचं ते ती तिथंच तोंडावर सांगायची. म्हणून ते शब्द माझ्या डोक्यात अजून भुंग्यासारखे फिरतात.

तिचं नाव ऐकून लोक हसायचे. तिच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती. ही झाली तेव्हा बापानं मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं, म्हणजे मरणाची नजर जाणार नाही. ती जगली. आमच्या लग्नात माझ्या आईनं ठरवलं, सुनेचं नाव लक्ष्मी ठेवायचं. ताटात तांदूळ पसरले, भटजींनी अंगठी हातात घेतली, आणि नवरी मुलीनं तांदळावर पंजाच ठेवला. म्हणाली, "कोंडा म्हनून जगले. लक्ष्मी झाले आन मेले तर? आन त्या नावानं मला हाक मारली तर मी वळायचीच न्हाई."

मांडवात हशा पिकला. माझी आई पुढं कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. पण नाव कोंडाच राहिलं.

बूड टेकवून बसणं तिला ठाऊक नव्हतं. जेवताना एक पाय उंबऱ्याकडं. बोलताना हातात काहीतरी. मी बसलेला दिसलो की म्हणायची, "तुमी बसा, तुमच्या वाटचं मी चालते." चिंचवडात आमचं घर रस्त्याच्या कडेला. तो रस्ता तेव्हा दिवसरात्र मोटारींनी धडधडायला लागला होता. पिंपरीकडं कारखाने उठत होते, शेतांत खांब रोवले जात होते, कालची वाट आज सापडत नव्हती. सगळ्या मुलखालाच बसवत नव्हतं. ती तर आधीचीच तसली.

आमचा घागर छाप साबण म्हणजे पिवळी, ओबडधोबड वडी. कागद नाही, खोकं नाही. चाकणच्या बाजारात पोत्यावर मांडायचा आणि विकायचा. रावेतपासून देहूपर्यंत नदीकाठच्या दगडांवर हीच वडी घासली जायची. गरिबाचा साबण. कपड्याला चालायचा, भांड्याला चालायचा, पोरांच्या अंगालाही चालायचा. आमचं पोट त्यावर भरत होतं. मला वाटायचं, झालं की. आणखी काय पाहिजे?

मग ती एकदा पिंपरीला कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यांवर साबण विकायला गेली. परत आली ती तणतणतच. मी खाटेवर पडलो होतो.

"काय झालं?"

"घेतला की साबण. चांगला घेतला. पर बाईसाहेब म्हनाल्या, मागच्या दारी ठेवा, धुण्याच्या दगडापाशी. मी हात धुवाया पानी मागितलं तर न्हाणीतली वडी दिली हातात. पांढरी, गुळगुळीत. वास कसला हुता, अवो!" तिनं हात माझ्या नाकाशी धरला. "हुंगा."

मी हुंगला. "बरा आहे."

"बरा? आपला साबण मागच्या दारापाशीच का थांबतो, मला सांगा. न्हाणीत का जात न्हाई?"

"न्हाणीत जायला तो साहेबाचा जावई आहे का?"

"मी नेते त्याला न्हाणीत," ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली झोप उडाली.

नुसतं खोबरेल वापरून तिनं घाणे काढले. कितीदा बिघडले. कधी वडी चिरायची, कधी घाम आल्यासारखी ओली व्हायची. चाकणचे अत्तरवाले मन्सूरभाई केवड्याचं अत्तर घेऊन आले आणि ओट्यावर बसले. ते थेंब थेंब घालत होते. कोंडाबाईला धीर कुठला?

"वता की, भाई. किती वेळ डोळ्यात औषध घातल्यागत करताय?"

मन्सूरभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "भाबी, हे अत्तर आहे, विहिरीचं पाणी नाही. एवढा वास सुटला तर न्हाणारी बाई नवऱ्याला सापडायची नाही, सगळा गाव तिला शोधत येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली. "येताना साबण घेऊन जाईल."

शेवटी वडी जमली. हस्तिदंतासारखी पांढरी, मऊ फेसाची. वर घागरीचा ठसा. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर लाल चकचकीत कागद. भाव पिवळ्या वडीच्या कितीतरी पट. मी म्हणालो, "नाव तरी नवं दे काही. राणी, मोहिनी, काहीतरी." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ते तांदळाचं ताट आठवलं.

आम्ही दोघं खोकी घेऊन पुण्यात एका मोठ्या दुकानी गेलो. दुकानाला काचेची कपाटं. शेटजींनी वडी उघडली, हुंगली, पाण्यात हात भिजवून फेस करून बघितला. चेहरा खुलला त्यांचा. मग ठसा बघितला.

"बाई, माल एक नंबर आहे. खोटं बोलणार नाही. पण ही घागर काढा. आमच्या गिऱ्हाइकाच्या मोलकरणीच्या हातात हीच घागर असते. मालकीण त्याच घागरीनं तोंड कशी धुवेल?"

"मग मोलकरणीला इचारा की, साबण कसा हाय ते. तिला जास्त ठाऊक."

शेटजी हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ठेवून जा, बघू. आम्ही ठेवून आलो. बरेच महिने गेले, आणि खोकी जशी गेली तशी परत आली. एकही वडी खपली नव्हती. लाल कागद तेवढा उन्हानं विटला होता.

दुसरी कुणी असती तर रडली असती. हिनं त्यातली एक वडी फोडली आणि गोठ्यात जाऊन म्हशीला आंघोळ घातली. शिंगांपासून शेपटीपर्यंत. म्हशीला केवड्याचा वास! अर्धं चिंचवड बघायला आलं. आमचा शेजारी गेनू म्हशीला हुंगून म्हणाला, "वैनी, हिच्यासाठी आता साहेबाचा रेडाच बघावा लागंल."

कोंडाबाई म्हणाली, "हसा. पर हिनं तरी वापरला. हिनं ठसा न्हाई बघितला."

म्हशीची जाहिरात म्हणा की काय, पण लोक तो साबण मागायला लागले. साहेबलोक नव्हे, आपलेच. कारखान्यातले कामगार, चाकणकडचे शेतकरी, मोलमजुरीच्या बाया. पिवळी वडी घ्यायचे आणि कनवटीचे पैसे सोडून एक पांढरीही घ्यायचे. कोंडाबाई हवेत. "बघा, आपल्या मानसाला बी चांगल्याची चाड हाय!" पण एक गोष्ट तिला टोचत होती. ज्यानं एकदा घेतली तो पांढरी वडी घ्यायला परत येत नव्हता. पिवळीला यायचा, पांढरीला नाही. ती विचारायची, "कसा वाटला?" लोक नजर चुकवून म्हणायचे, "झाक हाय की."

उत्तर चाकणच्या एका लग्नात मिळालं. नवरीचं रुखवत मांडलं होतं. लाडू, करंज्या, भांडी, भरतकामाचा रुमाल, आणि मधोमध पाटावर आमचं लाल खोकं. बायका लांबून बघत होत्या, हात लावत नव्हत्या. कोंडाबाईला कोण आनंद! घरी येईपर्यंत त्याचंच पुराण. पुढं निघोज्याला दुसऱ्या लग्नाला गेलो. तिथंही रुखवतात लाल खोकं. ती जवळ गेली, वाकली, आणि तिचा चेहरा उतरला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता आणि कागदावर हळदीचं बोट उमटलं होतं. मला म्हणाली, "अवो, ही तीच. चाकणचीच. ह्या रुखवतातनं त्या रुखवतात फिरतीया."

मी म्हणालो, "फिरू दे. मान आहे तुझ्या साबणाचा."

"मान? साबण झिजाया असतो. देव्हाऱ्यात बसवाया न्हाई."

आणि मला कळायच्या आत तिनं खोकं उचललं, टराटरा कागद फाडला आणि मांडवाच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत वडी बुडवली. वरमाईचा हात धरला आणि घसाघसा चोळायला लागली. वरमाई ओरडली, "अगं बाई, काय करतीस? रुखवत हाय त्ये!"

"आता न्हाई. एकदा ओला केला की मग ठेवत न्हाई कुनी. आता वापरावाच लागंल."

आम्हाला न जेवताच निघावं लागलं. वाटेत मी चिडलो होतो, तिला शिव्या दिल्या. ती पुढं पुढं चालत राहिली. इंद्रायणीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा थांबली आणि म्हणाली, "ज्यांना घागर म्हाईत हाय ते वापरत न्हाईत. जे वापरतील त्यांना घागर नको. मी करू काय?"

त्यानंतर पुण्याच्या शेटजींचा गडी आला, चिंधीत गुंडाळलेला ठसा घेऊन. गुलाबाचं फूल, खाली नवं नाव. निरोप असा की या ठशानं जेवढा माल द्याल तेवढा घेतो, बड्या घरांतून अशा वासाच्या साबणाला मागणी आहे, गडी परवा परत येईल, हो की नाही ते सांगा. कोंडाबाईनं ठसा हातात घेऊन उलटासुलटा केला. बोटानं गुलाबाच्या पाकळ्या चाचपल्या. नाही म्हणाली नाही. कोनाड्यात घागरीशेजारी ठेवला. दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या. भाजीत मीठ नाही, बोलण्यात बोलणं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "गुलाब मारला तर न्हाणीत जाईल वो." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "पर मग त्यो कुनाचा साबण?"

अशात तो घाणा काढला. आणि ती 'सकाळी सांगते' म्हणाली.

सकाळी मी उठलो. चूल पेटलेली नव्हती. माझ्याआधी उठली नाही असं कधी झालं नव्हतं. मी जागेवरूनच हाक मारली, "कोंडे." वळली नाही. मोठ्यानं हाक मारली. तिच्याच नावानं मारली. तरी वळली नाही.

नंतर माणसं जमली. तिरडी बांधत होते तेवढ्यात शेटजींचा गडी आला, उत्तर न्यायला. दारातच थबकला. मी आत गेलो, कोनाड्यातला गुलाब काढला, त्याच चिंधीत गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. तिनं काय ठरवलं असतं ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणालो तर ते खोटं होईल. मी माझ्या मनानं दिला.

मग माळ्यावरची पुण्याहून परत आलेली खोकी खाली काढली, टोपलीत भरली आणि तिरडीमागं चाललो. गेनू म्हणाला, "हे कशाला, दादा?"

पवनेच्या काठी तिला अग्नी दिला. सगळं आटोपल्यावर माणसं रीतीप्रमाणं आंघोळीला नदीत उतरली. मी टोपली काठाशी ठेवली. एकेक खोकं फाडून वडी ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागलो. एक म्हातारा कुरकुरला, "मर्तिकाच्या आंगुळीला साबण? कुठली रीत ही?" मी म्हणालो, "आमच्या घरची."

लोक वडी हातात धरून उभे. पांढरी, वर घागर. कुणी हुंगतंय, कुणी नुसतं बघतंय. गेनूनं हळूच आपली वडी काठावरच्या कोरड्या धोतरात गुंडाळली. म्हणाला, "दादा, थोरलीचं लग्न काढलंय. रुखवतात..."

मी ते गुंडाळलेलं धोतर उलगडलं. वडी घेतली, पाण्यात बुडवली, चांगली खळबळून काढली आणि गेनूच्या उघड्या छातीवर घासली. फेस आला. केवड्याचा वास पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला.

"ओला झाला, गेनू," मी म्हणालो. "आता लाव अंगाला."